आठ एमबीचा बोर्ड आणि भिंगारची जयमाला

दुधाच्या केंद्रावर फॅट काढण्यात जिची चार वर्षं गेली, त्या बाईला कॉम्प्युटरवरच्या मोटारींच्या खेळातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, असं मी म्हणालो तर तुम्ही हसाल की नाही? खोटं बोलू नका. हसालच. मीही हसलो होतो, आणि त्या हसण्याची फेड मला भर समाजमंदिरात, दीडशे माणसांसमोर करावी लागली. आनंदानं केली, ही गोष्ट वेगळी.

जयमाला साळवे तिचं नाव. माहेर सुप्याजवळच्या एका वाडीतलं. दहावी झाली आणि गावच्या दूध संकलन केंद्रावर लागली. कॅनमधलं दूध ढवळायचं, नमुना घ्यायचा, फॅट काढायची म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजायचं, आकडा पावतीवर लिहायचा. त्या आकड्यावर दर ठरायचा. म्हणजे अख्ख्या गावच्या दुधाचा भाव बौद्धवाड्यातल्या एका पोरीच्या पेन्सिलीवर. सुरुवातीला कुरकुर झाली. एक बागायतदार तर केंद्राच्या दारात उभा राहून ओरडला, "पोरी, चाळीस लिटर घातलंय, चाळीस!" ही म्हणाली, "चाळीस लिटर घातलंय ते मोजलं काका. आता त्यात दूध किती हाय ते बघते." रांग हसली. नंतर कुरकुर आपोआप थांबली, कारण तिचा आकडा कुणाला कधी खोटा पाडता आला नाही.

लग्न होऊन ती नगरला खेटून असलेल्या भिंगारला आली. नवरा सुप्याच्याच एका कारखान्यात फिटर, आठवडाभर पाळ्या. सासरे रंभाजी लष्कराच्या डेपोत हमालीपासून सुरुवात करून स्टोअरकीपर होऊन निवृत्त झालेले, सिव्हिलियन माणूस, पण शिस्त मेजरची. घराला रस्त्याकडची एक खोली. शेजारची टायपिंगची इन्स्टिट्यूट बंद पडली, तेव्हा तिथले तीन कॉम्प्युटर जयमालानं उचलले. पेंटियम, जुने, पण ठणठणीत. आधी अर्ज टाईप करून द्यायची. मग कुणीतरी मोटारींच्या शर्यतीची सीडी आणली आणि अर्ज मागं पडले. अर्ध्या तासाला दहा रुपये. शाळेची पोरं, लष्करातले सुट्टीवरचे जवान, आणि सगळ्यांत पक्कं गिऱ्हाईक म्हणजे गोरक्षनाथ, एसटीचा ड्रायव्हर.

दिवसभर नगर-शेवगाव गाडी मारून हा गडी संध्याकाळी परत स्टिअरिंगला बसायचा. स्टिअरिंग कुठलं, चार बाणांची बटणं. मी एकदा विचारलं, "गोरक्षनाथ, पोट भरत नाही का रे गाडी चालवून?"

"आप्पा, हितं खड्डे न्हाईत," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "आन् मागनं कुणी 'मास्तर, थांबवा' म्हणून घंटी मारत न्हाई."

हे आप्पा म्हणजे मी, आप्पासाहेब. रेशन दुकानांचे वजनकाटे तपासत फिरणं हा माझा धंदा, म्हणजे बिनपगारी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर. आयुष्यभर एकच भांडण भांडलो: माप पूर्ण द्या. हे इथं सांगतोय ते एवढ्यासाठीच, की पुढं माझं जे चुकलं ते याच्यामुळं चुकलं.

तर १९९९ चा मार्च. गल्लीच्या तोंडाशी मच्छिंद्रनं कॉम्प्युटरवरच्या खेळांचंच नवीन दुकान टाकलं. मच्छिंद्र तसा दिलदार, पण बोलणं असं की सायकल घेतली तरी विमान घेतल्यासारखं सांगणार. त्यानं बोर्ड लावला, लाल अक्षरात: '८ एमबी ग्राफिक्स! भिंगारमध्ये प्रथमच!' त्यातला आठचा आकडा पोराएवढा उंच. जयमालाच्या कॉम्प्युटरमध्ये तेव्हा पडद्यावर चित्र उमटवणारी कार्डं दोन एमबीची, साधी होती. पत्र टाईप करायला भरपूर. पण नवीन शर्यतीचे खेळ त्यावर उघडतच नव्हते, आणि जुने उघडले तर रस्ता करड्या घोंगडीसारखा दिसायचा.

आठ दिवसांत खोली रिकामी. पोरं गेली, जवान गेले. गोरक्षनाथ दोन दिवस लाजेखातर आला, तिसऱ्या दिवशी तोही मच्छिंद्रकडं. रंभाजी ओट्यावर बसून हे बघत होते. त्यांच्याकडं पिठाच्या गिरणीवाला एक माणूस खेटे घालत होता; खोली त्याला हवी होती.

"सूनबाई," रंभाजी म्हणाले, "म्या काय तुझ्या वाईटावर न्हाई. पर रिकामी खोली म्हंजे रिकामं पोतं, उभं ऱ्हात न्हाई. बुद्धपौर्णिमेपतुर बघ. न्हाई जमलं तर गिरणीला देऊ. तू गिरणीवर बस, पीठ तर समद्यांना लागतं."

जयमाला माझ्याकडं आली तेव्हा डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. राग होता. मला रागातली माणसं आवडतात. म्हणाली, "आप्पा, मला गिरणीवर बसायला लाज न्हाई. पण ही खोली मी उभी केलीय. पुण्याला कार्ड घ्यायला जायचंय. तुमी चला. दुकानदार तुमाला भितात."

"चल की," मी म्हणालो. "आठ एमबीचंच घेऊ. मच्छिंद्रच्या नाकावर टिच्चून आठ. एक केबीसुद्धा कमी घ्यायची नाही."

"आठच का?" तिनं विचारलं.

आता बोला! मी हसलो ते इथं. म्हणालो, "बाई, आठ हे दोनच्या चौपट असतात. हे मला सातवीत शिकवलं होतं."

ती पिशवी आणायला घरी गेली.

नगरच्या माळीवाड्याहून पुण्यातल्या शिवाजीनगरची एसटी धरली. सुपा आलं तेव्हा खिडकीतून तिनं दुधाचं केंद्र दाखवलं, रांगेत उभे ॲल्युमिनियमचे कॅन दाखवले आणि म्हणाली, "आप्पा, लोक वरवरचा पेला पुढं करायचे. साय वर येते ना. वरचं घेतलं की आकडा झकास येतो. म्हणून आमचा नियम होता, कॅन तळापासून ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचा न्हाई. कुणाचा का असंना." मला वाटलं, माहेर दिसलं म्हणून बोलतेय. मी शेंगा सोलत राहिलो.

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास कॉम्प्युटरची दुकानं. एका दुकानात शिरलो. मालक तरणा, गळ्यात चेन. मी सुरू झालो: "आठ एमबीचं ग्राफिक्स कार्ड दाखवा. आणि आठ म्हणजे आठ आहेत हे मोजून दाखवा. नगरहून आलोय, आम्हाला बनवायचं नाही."

त्यानं खोक्यातलं कार्ड काढून दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं, चालू केलं. काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात आकडा उमटला: ८१९२के, म्हणजे पुरे आठ एमबी. मला कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, पण माप डोळ्यांनी दिसलं की मी विरघळतो. म्हणालो, "जयमाला, माप पूर्ण आहे. बांध."

"माप पूर्ण हाय," ती म्हणाली. "दूध बघायचंय."

आणि पिशवीतून तिनं शर्यतीची सीडी काढली. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ताई, दुकानात गेम नाही खेळत. हे काय पार्लर आहे?"

इथं मात्र मी तापलो. "का हो? मडकं घेताना बाई वाजवून बघते. तुमचं साडेतीन हजारांचं मडकं वाजवायचं नाही होय?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं आमच्या बाजूनं हसली. मालकानं गुमान सीडी घातली.

खेळ सुरू झाला. मोकळा रस्ता, समुद्रकिनारा, एकच गाडी. सुंदर! झाडं हिरवी, पाणी निळं. मालक म्हणाला, "बघा, लोणी आहे लोणी."

"ही साय झाली," जयमाला म्हणाली. तिनं बटणं दाबली, यादीतून भर शहरातला रस्ता निवडला, शिवाय आठ गाड्या. पहिल्या वळणावर सगळ्या गाड्या एकमेकींवर आल्या, धूर निघाला, आणि त्या कार्डाचा जीव गेला. गाडी पळेना, उड्या मारू लागली. बटण आत्ता दाबावं आणि गाडीनं पुढच्या चौकात वळावं. तिनं मनगटावरचं घड्याळ बघत सबंध फेरी पुरी केली, आकडा कागदावर लिहिला. तीनदा केली. केंद्रावरही नमुना तीनदा बघायचा नियम होता म्हणे.

"आता दुसरं लावा."

"दुसरं चारचं आहे ताई. जुना माल. वेगळी चिप आहे, पण चारला आता कोण विचारत नाही, म्हणून कमी करून तीन हजारात देतोय."

"लावा तर खरं."

चारचं लावलं. तोच रस्ता, त्याच आठ गाड्या, तोच धूर. गाडी अशी पळाली की मीच खुर्चीचा दांडा धरला. बोट आणि चाक यांत अंतरच राहिलं नाही.

चार हे आठपेक्षा चांगले कसे असतील? सातवीतला मास्तर डोळ्यांसमोर उभा राहिला. जयमालानं मालकाला प्रश्न विचारून विचारून गोष्ट काढून घेतली आणि परतीच्या गाडीत मला समजावली, ती तिच्याच शब्दांत लिहितो. एमबी म्हणजे कॅन केवढा ते. पडद्यावर जे दिसायचं ते आधी त्या कॅनमध्ये साठतं: आत्ताचं चित्र, लगेच पुढचं चित्र, आणि भिंती-झाडं-रस्ता यांना चढवायचे रंगीत कपडे. कॅन फारच लहान असला तर कपडे मावत नाहीत; आपल्या दोन एमबीचं तेच दुखणं होतं. पण चित्र काढते ती चिप. तो हात संथ असला तर कॅन केवढाही मोठा घ्या, दूध पातळच. "आन् आप्पा, आपला पडदा चौदा इंची," ती म्हणाली. "त्यावर मोठं चित्र कुणी बघत न्हाई, साधंच लावतात. तेवढ्याला चार पुरतात. पडदा मोठा झाला, खेळ मोठे झाले, की चार कमी पडतील. मग बघू. चुलीवर दोन भाकरी टाकायच्या असल्या तर गुळाची काहिल कशाला आणायची?"

पारनेर फाटा मागं पडला. मग म्हणालो, "रेशनवर मी आजवर वजनच बघत आलो. तांदूळ किडका होता का, ते बघितलंच नाही."

"बघा आता," ती म्हणाली आणि झोपली.

पण भिंगारला चार हा चारच होता. जयमालानं एका कॉम्प्युटरला चारचं कार्ड बसवलं, पाटी लावली, पोरांनी वाचली आणि पुढं गेली. "चार? मच्छिंद्रशेठकडं आठ आहेत काकू." मच्छिंद्र पानाच्या टपरीवर म्हणाला, "वहिनी पुण्याला जाऊन अर्धंच घेऊन आल्या. बाकीचं अर्धं एसटीत राहिलं काय?"

बुद्धपौर्णिमा आठवड्यावर आली. गिरणीवाला खोलीची लांबीरुंदी मोजून गेला. मला राहवेना, मी भांडायला निघालो, तर जयमालानं सदऱ्याला धरून थांबवलं आणि स्वतः मच्छिंद्रच्या दुकानात गेली. भर गर्दीत म्हणाली, "मच्छिंद्र भाऊजी, रविवारी तुमचा एक कॉम्प्युटर समाजमंदिरात आणा. मी माझा आणते. एकच खेळ, एकच रस्ता. गाडी गोरक्षनाथ चालवंल. तुमची चांगली पळाली तर मी सोमवारी गिरणीला खोली देते."

मच्छिंद्र हा डाव सोडणारा गडी नव्हे. रविवारी दुपारी हातगाडीवर गोधडी अंथरून त्यानं कॉम्प्युटर आणला, वर स्वतः छत्री धरून. समाजमंदिरात दोन टेबलं शेजारी शेजारी. भीमजयंतीच्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या. दीडशे माणूस, जवान होते, बायका होत्या, पोरं खिडक्यांच्या गजांना लोंबकळलेली. रंभाजी पहिल्या रांगेत, हात पाठीमागं, परेडला आल्यासारखे. गोरक्षनाथ खाकी गणवेशातच आला.

"बिल्ला लावून?" कुणीतरी ओरडलं.

"ड्यूटीच हाय ही," तो म्हणाला.

पहिली फेरी मच्छिंद्रनं मागितली तीच: समुद्रकिनारा, मोकळा रस्ता. दोन्हीकडं सारखीच पळाली. मच्छिंद्रनं शिट्टी मारली. "सारखं कसं? आमच्याकडं रंग बघा!" गर्दी डुलली. रंभाजींनी खाली बघितलं.

"ढवळायचं ऱ्हायलंय," जयमाला म्हणाली. तिनं दोन्ही कॉम्प्युटरवर शहराचा रस्ता लावला आणि आठ गाड्या.

गोरक्षनाथ आधी मच्छिंद्रच्या टेबलाला बसला. पहिल्या चौकात गाडी उड्या मारू लागली. त्यानं कचकन वळवली, ती वळली नाही. मग एकदम वळली आणि दुकानात घुसली. "अगं आयाय! क्लच बसलाय हिचा!" पोरं खिदळली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मग तो जयमालाच्या टेबलाला आला. त्याच चौकात, त्याच गर्दीत गाडी तलवारीसारखी सरळ निघाली. तो फक्त अंगानं डावी-उजवीकडं झुकत राहिला, आणि त्याच्याबरोबर अख्खं समाजमंदिर झुकत राहिलं. पहिला नंबर आला तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या.

मच्छिंद्र हार मानणारा नव्हता. "थांबा! चित्र मोठं करा. आठशे-सहाशेला लावा. मग बघू चारात काय काय मावतं!"

हे मी कबूल करतो, त्याचं बरोबर होतं. चित्र मोठं केल्यावर जयमालाच्या पडद्यावरच्या भिंती मळकट झाल्या, दुकानांच्या पाट्या वाचता येईनात, गाडीही मध्येच अडायला लागली. मच्छिंद्रच्या पडद्यावर पाट्या लख्ख. फक्त गाडी बैलगाडी झाली. जयमालानं लगेच सांगितलं, "इथं माझं कार्ड कमी पडतं. लपवत न्हाई. जागा कमी हाय."

सगळे गोरक्षनाथकडं बघायला लागले. त्यानं टोपी सरळ केली. "भाऊ, असं हाय," तो मच्छिंद्रला म्हणाला, "तुजी गाडी लई देखणी. तिच्यात बसून म्या फोटू काढीन. पर ड्यूटी करायची म्हणशील तर हिच्या गाडीनं करीन."

समाजमंदिर दणाणलं. मीही टेबलावर हात आपटत होतो. मग उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आठ घे म्हणून हिच्या मागं लागणारा गाढव मी होतो. ते ऐकून लोक जास्तच खूश झाले. मला वर्षानुवर्षं ऐकणारी माणसं आहेत ती; तेवढा हक्क आहे त्यांचा.

मच्छिंद्र डोकं खाजवत जयमालाजवळ आला. "वहिनी, मलाही त्या दुकानदारानं आठच म्हणून चिकटवलं हो. मी खेळून कुठं बघितलं? बोर्ड रंगवायची घाई." मग हळूच, "पुढच्या खेपेला पुण्याला जाल तेव्हा मला पण न्या."

"नेते की. पर छत्री तुमीच धरायची," ती म्हणाली.

एवढ्यात टेबलाजवळ गलका झाला. बघतो तर रंभाजी खुर्चीवर. चष्मा नाकावर, दोन बोटं बटणांवर. गाडी भिंतीला धडकली. मागं घेतली, परत धडकली. "मामंजी, डावं बटण," जयमाला म्हणाली. "गप. म्या डेपोत ट्रक लावलेत," ते म्हणाले आणि तिसऱ्यांदा धडकले. पोरांची रांग लागली तरी उठेनात. शेवटी गिरणीवालाच पुढं येऊन म्हणाला, "बाबा, मग सोमवारी खोलीचं...?"

"कसली खोली?" रंभाजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "तितं कामकाज चालू हाय. तू गिरणी तिकडं नाक्यावर टाक."

हे लिहितोय तेव्हा दिवाळी झालीय. जयमालाच्या तिन्ही कॉम्प्युटरमध्ये चांगल्या चिपची कार्डं आहेत. एकाला आता मोठा पडदा आलाय, म्हणून त्याला सोळा एमबीचं. तेही पुण्यात ढवळून, तीनदा, घड्याळ लावून घेतलेलं. मच्छिंद्रनं बोर्डावरचा आठ पुसला नाही, त्याच्या खाली 'चालवून बघा' असं रंगवलं. श्रीगोंद्याहून, नेवाशाहून लोक खोकी पिशवीत घालून जयमालाकडं येतात: ताई, हे घेऊ का ते घेऊ? परवा शनिशिंगणापूरचा एक दुकानदार आला, दोन तास डोकं खाऊन, सगळं वहीत उतरवून, चहा पिऊन गेला. ती एक पैसा मागत नाही. आणि तेवढा वेळ तिचा एक कॉम्प्युटर अडकून पडतो, बाहेर गिऱ्हाईक ताटकळतं, रंभाजी ओट्यावरून घड्याळ दाखवतात.

तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगतो, कार्ड घ्यायच्या आधी भिंगारला जरूर जा, मनात येईल ते विचारा. पण फुकटचा सल्ला घेऊन पळू नका, उठायच्या आधी दहा रुपये काढा आणि अर्धा तास गाडी चालवून या.